लिफ्टची गाडी विकत घ्यावी की भाड्याने आणावी?

आमचा धंदा कापडाचा. भिवंडीत ग्रे माल घ्यायचा, प्रोसेसला पाठवायचा आणि मुंबईच्या बाजारात विकायचा, यात आमची तीस वर्षे गेली. झाडांशी आमचा संबंध आला तो थोरल्या भावाच्या सायझिंगमुळे. सायझिंगच्या बॉयलरला लाकूड लागते आणि ते पुरवणारे वखारवाले आमच्या वडिलांच्या काळापासून घरच्यासारखे. त्यांचा मुलगा वखारीत बसला नाही. त्याने मुंबई-ठाण्यात झाडांच्या छाटणीची कामे घेण्यास सुरुवात केली. आज त्याच्याकडे आठ माणसे, दोन टेम्पो आणि चार मोटारकरवती आहेत. सोसायट्या, शाळा, गोदामे अशी त्याची गिऱ्हाइके आहेत. मेहनती पोरगा आहे.

गेल्या मे महिन्यात त्याचा एक माणूस गुलमोहरावरून पडला. गुलमोहराचे लाकूड ठिसूळ. फांदी वरून हिरवी दिसत होती, आतून पोकळ होती. कमरेला बांधायचा दोर होता, पण त्याने तो त्याच फांदीला बांधला होता. कंबरेचे हाड मोडले. जीव वाचला, पण झाडावर चढण्याचे काम त्याच्या नशिबातून कायमचे गेले.

त्यानंतर पंधरा दिवसांनी, जुम्म्याच्या नमाजनंतर, हा मुलगा आमच्या पेढीवर आला. हातात लिफ्टच्या गाडीचे रंगीत पुस्तक होते. टेम्पोवर हायड्रॉलिक दांडा, दांड्याच्या टोकाला माणूस उभा राहील असा पिंजरा. म्हणाला, "चाचा, आता माझा माणूस झाडावर चढणार नाही. घराचे कागद बँकेत ठेवतो. जामीन म्हणून तुमची एक सही हवी."

आम्ही सही केली नाही. त्याचे त्याला वाईट वाटले आणि आम्हालाही वाटले. त्याचा हेतू शंभर टक्के बरोबर होता, हिशेब मात्र चुकला होता. हाच हिशेब आज आपल्या अनेक कारागीर बांधवांसमोर आहे. कुणाला लिफ्ट घ्यायची आहे, कुणाला नवे रेपियर लूम, कुणाला फर्निचरची मोठी मशीन. म्हणून हा विषय येथे मांडत आहोत.

आमचा स्वतःचा तजुर्बा

दुसऱ्याला शहाणपण सांगण्याआधी आपली चूक सांगावी. २००६ साली आम्ही हप्त्यांवर कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीची मशीन घेतली. विकणाऱ्याने एका मिनिटाला किती टाके पडतात ते दाखवले. आम्ही टाके मोजले, दिवस मोजले नाहीत. रमजानच्या आधी आणि लग्नसराईत मशीन रात्रंदिवस चालली. ईद झाली आणि मशीनवर चादर पडली. हप्त्याला मात्र ईदही माहीत नसते आणि मंदीही. ऑपरेटरला बसून पगार द्यावा लागला, कारण सोडला तर पुढच्या सीझनला मिळणार नाही. तिसऱ्या वर्षी आम्ही ती मशीन घेतल्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याने विकली. मशीन खराब नव्हती. आमच्याकडे तिला पुरेल इतके काम नव्हते.

यंत्रमागाच्या धंद्यातही हेच पाहिले. १९९९ साली केंद्र सरकारने कापड उद्योगाच्या आधुनिकीकरणासाठी टफ योजना आणली. व्याजात सवलत मिळाली. ज्यांच्याकडे वर्षभराची ऑर्डर होती ते त्या सवलतीने वर आले. ज्यांनी सवलत आहे म्हणून यंत्र घेतले, त्यांच्यापैकी कितीतरी जणांचे यंत्र सुताचा भाव चढताच बंद पडले. सवलतीने यंत्र स्वस्त होते, काम वाढत नाही.

कागदावरचा हिशेब

आम्ही त्या मुलाला समोर बसवले आणि कागद घेतला. वाचकांनी आपापले आकडे घालून हाच हिशेब करावा. आम्ही धरलेले आकडे नमुन्याचे आहेत.

समजा, गाडी लिफ्टसह २४ लाखांना पडते. ६ लाख आपले, १८ लाख कर्ज. १२ टक्के व्याज आणि पाच वर्षांची मुदत धरली तर महिन्याचा हप्ता सुमारे ४० हजार. चालक-ऑपरेटर २० हजार. विमा, गाडीचे कागद आणि उभी करण्याची जागा मिळून १० हजार. हायड्रॉलिकचे पाइप, सील, तेल आणि दुरुस्तीसाठी १० हजार. म्हणजे महिन्याला ८० हजार, वर्षाला ९ लाख ६० हजार. हा खर्च गाडी जागची हलली नाही तरी होणार. डिझेल वेगळे, पण ते विकतच्या गाडीलाही लागते आणि भाड्याच्या गाडीलाही, म्हणून ते दोन्हीकडून सोडून दिले.

आता समजा, तशीच गाडी ऑपरेटरसह दिवसाला ८ हजार भाड्याने मिळते. ९ लाख ६० हजारांना ८ हजारांनी भागले की १२० येतात. वर्षात १२० दिवस लिफ्टचे काम असेल तर विकत आणि भाडे सारखेच. त्यापेक्षा जास्त दिवस असतील तर विकत घेणे फायद्याचे. कमी असतील तर प्रत्येक रिकामा दिवस आपल्या खिशातून जातो.

येथे कुणी म्हणेल की पाच वर्षांनी गाडी आपली राहते. खरे आहे. पण तिच्यात आपले ६ लाखही अडकलेले असतात. पाच वर्षे उन्हापावसात राबलेली गाडी विकून जे येईल ते त्या ६ लाखांच्या बदल्यात धरावे. त्यावर फार आशा ठेवू नये.

मग आम्ही त्याला मागच्या वर्षाची बिले आणायला सांगितली. तो दुसऱ्या दिवशी पिशवीभर कागद घेऊन आला. एकेक बिल पाहून दोनच प्रश्न विचारले. त्या जागी लिफ्टची गाडी उभी राहू शकली असती का? आणि खरोखर तिची गरज होती का? वर्षात कामाचे दिवस निघाले १४०. गाडी उभी राहू शकली असती असे दिवस ५८. त्यांतही गरज होती असे दिवस ४१. मुलगा बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत बसला. ४१ दिवसांचे भाडे ३ लाख २८ हजार. विकत घेतली असती तर त्याच कामासाठी ९ लाख ६० हजार गेले असते.

गाडी आत जाते कुठे?

१४० दिवसांपैकी ८२ दिवस गाडी उभीच राहू शकली नसती, हे वाचून आश्चर्य वाटेल. पण मुंबईची झाडे कुठे आहेत ते पाहा. मुंबई महापालिकेच्या मागे झालेल्या वृक्षगणनेत २९ लाख ७५ हजार २८३ झाडे मोजली गेली. त्यांपैकी रस्त्याच्या कडेची १ लाख ८५ हजार ३३३. खासगी आवारांत १५ लाख ६३ हजार ७०१. म्हणजे निम्म्याहून अधिक झाडे सोसायट्या, बंगले, चाळी, कारखाने यांच्या कुंपणाच्या आत आहेत. रस्त्यावरच्या झाडांचे मोठे ठेके महापालिकेकडून निघतात आणि ते मोठ्या ठेकेदारांना मिळतात. लहान ठेकेदाराचे पोट कुंपणाच्या आतल्या झाडांवर चालते.

आणि कुंपणाच्या आत काय असते? अरुंद फाटक, दोन्ही बाजूंना उभ्या गाड्या, आणि जमिनीखाली पाण्याची टाकी. लिफ्टच्या गाडीला काम करताना चारही बाजूंना पाय टेकवावे लागतात. त्या पायांवर सगळा भार येतो. टाकीवरच्या स्लॅबवर किंवा गटाराच्या झाकणावर पाय टेकवला आणि तो खचला, तर वरचा माणूस झाडावरून पडण्यापेक्षा वाईट पडेल. परदेशात यासाठी साखळीपट्ट्यावर चालणारी, मीटरभराहून अरुंद फाटकातून जाणारी लहान लिफ्ट वापरतात. ती चांगली असते, पण तिची किंमत ऐकून लहान ठेकेदाराने पुस्तक मिटवावे.

पुस्तकातली उंचीही नीट वाचावी. 'कामाची उंची १२ मीटर' असे लिहिलेले असते, तेव्हा पिंजऱ्याचा तळ साधारण १० मीटरवर असतो. वरचे २ मीटर म्हणजे उभ्या माणसाचा हात. शिवाय ती उंची सरळ वर जाण्याची आहे. गाडी झाडापासून दूर उभी करून दांडा आडवा न्यावा लागला की पोहोच बरीच कमी होते. विकणाऱ्याला नेहमी आडव्या पोहोचीचा तक्ता मागावा.

सीझनचा प्रश्न

छाटणीचा धंदा आपल्या लग्नसराईसारखाच आहे. मार्च ते जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सगळ्यांनाच फांद्या उतरवून हव्या असतात. पाऊस सुरू झाला की जमीन मऊ होते, वारा सुटतो आणि लिफ्ट उभी करणे धोक्याचे होते. त्यात परवानगीची बाब आहे. महाराष्ट्रात शहरांतील झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. कागद वॉर्ड ऑफिसात फिरत असतो तेव्हा माणसे घरी बसवता येतात, हप्ता बसवता येत नाही.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. मे महिन्यात सगळ्यांनाच लिफ्ट हवी असते, तेव्हा भाड्याची गाडी मिळत नाही किंवा मिळाली तर दुप्पट भाव. वादळानंतर तर विचारूच नका. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळात मुंबईत दोन हजारांवर झाडे पडली. त्या आठवड्यात ज्याच्या दारात लिफ्ट होती तो राजा होता. ही अडचण खोटी नाही. पण वादळ आपल्या हप्त्याच्या तारखा पाहून येत नाही. भाडेवाल्याला जानेवारीतच बयाणा देऊन मार्च ते मेचे दिवस बांधून ठेवावेत. कापडवाले सीझनच्या आधी प्रोसेसवाल्याकडे जागा धरून ठेवतात, तसेच हे.

माणसाच्या जिवाचे काय?

मुलाने आम्हाला एक बोचरा प्रश्न विचारला. "चाचा, तुम्ही दिवस मोजता. त्याची कंबर कुठल्या खान्यात लिहू?"

प्रश्न योग्य आहे. कामावर माणूस जायबंदी झाला तर त्याची भरपाई मालकाने द्यावी, हे तत्त्व आपल्या देशाच्या कायद्यात १९२३ सालीच आले. कायदा नसता तरी जबाबदारी सुटली नसती. म्हणूनच आमचे म्हणणे असे की, जिवाचा हिशेब आधी करावा आणि नीट करावा.

लिफ्ट घेतली तरी ८२ दिवस माणूस झाडावर चढणारच होता. तोच उघडा, तोच अनवाणी, कमरेला तोच सुती दोर. २४ लाख लिफ्टमध्ये गेले की त्याच्या पट्ट्यासाठी पैसा उरणार नव्हता. म्हणून पहिला पैसा चढणाऱ्या माणसावर घालावा. अंगभर बसणारा पट्टा, खास चढण्याचे दोर, हेल्मेट, करवतीपासून पाय वाचवणारी विजार. करवत चालवताना माणूस दोन जागी बांधलेला असावा, म्हणजे चुकून एक दोर कापला गेला तर दुसरा धरील. आणि हे सगळे वापरायचे प्रशिक्षण. मुलाने भाव काढून आणले. आठ माणसांचे सगळे मिळून लिफ्टच्या एका वर्षाच्या खर्चाच्या निम्म्याच्या आत बसले.

तसेच लिफ्ट म्हणजे अपघातातून सुटका, असे मुळीच नाही. पिंजऱ्यातल्या माणसानेही पट्टा अडकवलाच पाहिजे. कापलेली फांदी झुलून दांड्यावर आदळली तर माणूस पिंजऱ्यातून बाहेर फेकला जातो. सर्वांत मोठा धोका विजेच्या तारेचा. अमेरिकेत विजेच्या कामाचे प्रशिक्षण नसलेल्या माणसाने उघड्या तारेपासून किमान १० फूट दूर राहावे, असा नियम आहे. उच्च दाबाच्या तारेला त्याहूनही जास्त अंतर लागते. आपल्याकडे लोखंडी पिंजरा तारेला खेटवून काम केलेले आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. ओली फांदीही वीज वाहून नेते. वीज कंपनीला कळवून पुरवठा बंद केल्याशिवाय तारेजवळ करवत चालवू नये, गाडी कितीही महाग असो.

मग लिफ्ट कशासाठी? वाळलेल्या, पोखरलेल्या, बुडाशी कुजलेल्या झाडासाठी. अशा झाडाला दोर बांधायला भरवशाची जागाच नसते. तेथे माणूस चढवणे म्हणजे जुगार आहे. शिवाय फांदीच्या बारीक टोकापर्यंत माणूस जाऊ शकत नाही, म्हणून तो खोडाजवळून मोठी फांदीच उडवतो आणि झाड बोडके होते. लिफ्टने टोकाची छाटणी करता येते आणि झाड टिकते. त्या ४१ दिवसांत तो गुलमोहराचा दिवसही होता. त्या दिवशी ८ हजारांची गाडी आली असती तर पुरे होते. ती का आणली नाही, असे आम्ही विचारले. मुलगा खाली पाहून म्हणाला, "काम बारा हजारांचे होते."

खरे दुखणे येथे आहे. यंत्र विकत घेण्याचे पैसे नाहीत, हा प्रश्न नव्हता. भाव देतानाच लिफ्टचा पैसा धरला नव्हता, हा प्रश्न होता. ज्या झाडाला लिफ्ट लागते त्या झाडाच्या कोटेशनमध्ये लिफ्टचे भाडे वेगळ्या ओळीत लिहावे. गिऱ्हाइकाला परवडत नसेल तर काम सोडावे, माणूस चढवू नये.

मार्ग कोणते?

एक, भाड्याने आणा आणि वहीत दिवस लिहा. दोन सीझन सलग १०० दिवसांच्या पुढे गेले की विकत घेण्याचा विचार करा.

दोन, तीन-चार ठेकेदारांनी मिळून एक गाडी घ्यावी. चौघांचे ४०-४० दिवस झाले तरी १६० होतात. ज्यांना व्याजापासून दूर राहायचे आहे, त्यांच्यासाठी तर भागीदारी हा सरळ मार्ग आहे. पण मे महिन्यात गाडी कुणाकडे, मोडली तर खर्च कुणाचा, एकजण बाहेर पडला तर काय, हे आधी कागदावर लिहावे. आपल्याकडे भागीदारी तोंडी होते आणि भांडण लेखी होते.

तीन, गाडीला दुसरे काम शोधावे. फलक लावणे, इमारतीचे रंगकाम, दिव्यांची दुरुस्ती. पण मग तुमचा धंदा लिफ्ट भाड्याने देण्याचा झाला, हे ओळखून उतरावे. तो वेगळा धंदा आहे. त्याची गिऱ्हाइके वेगळी आणि उधारी त्याहून वेगळी.

बँकेकडे जायचेच असेल तर मुद्रा योजनेची मर्यादा २०२४ साली १० लाखांवरून २० लाखांवर गेली आहे. आधीचे तरुण गटातले कर्ज फेडलेल्यांनाच ती वाढीव रक्कम मिळते. राहते घर गहाण टाकण्याआधी हे विचारून घ्यावे.

कोकणातल्या बागाईतदार बांधवांना या गाडीचा उपयोग नाही. नारळावर चढायला पायात अडकवायचे साधे यंत्र निघाले आहे. नारळ विकास मंडळाने २०११ पासून त्याचे प्रशिक्षणही सुरू केले. आंबा उतरवायला दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला आहे. जसे झाड तसे हत्यार, आणि ते महागच असले पाहिजे असे नाही.

गिऱ्हाईक बांधवांना विनंती

आपल्यापैकी अनेकांची गोदामे आहेत, कारखाने आहेत, आवारात झाडे आहेत. आपण तीन भाव मागवतो आणि सर्वांत कमी असेल त्याला काम देतो. पुढच्या वेळी भाव विचाराल तेव्हा एक प्रश्न जास्त विचारा: तुमचा माणूस वर जाणार कसा? उत्तर नीट आले नाही तर तो स्वस्त भाव कुणाच्या तरी कंबरेवर बेतलेला आहे, असे समजा.

तो मुलगा दोन महिने आमच्याकडे फिरकला नाही. मग एक दिवस आला. माणसांना पट्टे आणि दोर घेतले होते. जायबंदी झालेला माणूस आता वखारीत काट्यावर बसतो. पगार चालू आहे. मुलाने एक डायरीही दाखवली. त्यात लिफ्टचे दिवस लिहायला सुरुवात केली होती आणि एका पानावर लाल शाईने रेघ मारली होती. एका सोसायटीने कोटेशनमधली लिफ्टची ओळ पाहून काम दुसऱ्याला दिले. त्या दुसऱ्याने पोकळ झाडावर एक पोरगा चढवला. तो सुखरूप उतरला. मुलगा रस्त्यापलीकडे उभा राहून तो उतरेपर्यंत पाहत होता.

"काम गेले, चाचा," तो म्हणाला.

आम्ही म्हणालो, "जाऊ दे. डायरीत शंभर दिवस भरले की आमच्याकडे ये. सही मागू नकोस, भागीदारीचा कागद घेऊन ये."